शम्सूभाईंचा बदली

माझ्या नोकरीबद्दल मी बोलायला लागले की समोरचा माणूस ताट बाजूला सारतो. म्हणून आधीच सांगते, फराळ आटोपून मगच हे वाचायला घ्या. जन्मभर मी लोकांची शी तपासली. थुंकी, लघवी, रक्त, पू हेही सगळं तपासलं, पण बोलबाला झाला तो शीचाच. भिवंडीजवळच्या शेलार गावातल्या आमच्या घरात माझ्या डिप्लोम्याचं कौतुक कुणाला नव्हतं. माझा दीर बाळाराम आल्यागेल्याला माझी ओळख करून द्यायचा, "ही आमची वैनी, भिवंडीन गू बगाला जाते." पाहुणे हसायचे, मीही हसायचे. खोटं तर काही नव्हतं.

मी स्वभावानं भित्री. लग्न होऊन आले तेव्हा विहिरीत डोकवायचे नाही, अजूनही डोकवत नाही. पण या कामात भित्रेपणा उपयोगी पडतो. धीट माणूस बाटलीवरचं नाव एकदा वाचतो आणि पुढं जातो. भित्रा माणूस परत परत वाचतो, घरी गेल्यावरही त्याला वाटत राहतं की आपण दोन बाटल्यांची झाकणं बदलली तर नाहीत ना. इतक्या वर्षांत माझ्या हातून एकाचा नमुना दुसऱ्याच्या नावावर कधी गेला नाही, याचा मला अभिमान होता. हा अभिमान कसा उतरला, तेच आज सांगणार आहे.

आमची लॅब धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत, सुताच्या गोदामावर पहिल्या मजल्यावर. मालकीण आणि डॉक्टर एकच, नाझनीन मॅडम. त्या इथल्याच, कोकणी मुसलमान घरातल्या. वडिलांचे लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. जंतूंचं शिक्षण घेऊन त्या मुंबईतच राहू शकल्या असत्या, पण परत आल्या. माझ्याशी मराठीत बोलायच्या, पेशंटशी हिंदीत आणि जंतूंशी इंग्रजीत, तेही रागावल्यावर.

मॅडमचा मुख्य राग एका जंतूवर होता. पायलोरी त्याचं नाव. पोटातला अल्सर हा चिंतेनं किंवा तिखटानं होतो असं अजून लोक समजतात. बहुतेकदा तो या जंतूनं होतो. जठरातलं आम्ल लोखंड खाईल इतकं जहाल, पण हा पठ्ठ्या त्यातच अस्तराला चिकटून वर्षानुवर्षं सुखात राहतो. पुष्कळांना त्याचा पत्ताही लागत नाही. काहींना जळजळ होते, काहींना जखम होते, आणि काहींच्या जखमेतून रक्त झिरपायला लागतं. हे रक्त वर येत नाही, खाली जातं, आणि आतड्यातून जाताना काळं पडतं. डांबरासारखी काळी, चिकट शी दिसली की आम्ही सावध व्हायचो ते त्यामुळं.

आता औषधं आहेत. पण भिवंडीत जुलाब झाले की लोक मेडिकलमधून आपणच गोळ्या आणून शेंगदाण्यासारख्या खातात, आणि जंतूही त्या गोळ्यांना सरावतात. दोनदा कोर्स करून अल्सर तसाच, असे पेशंट गावातले पोटाचे डॉक्टर आमच्याकडं पाठवायला लागले. चिठ्ठीवर एकच प्रश्न असायचा, याच्या जंतूला कोणतं औषध लागू पडेल?

सरळ रस्ता म्हणजे घशातून दुर्बीण घालून जठराचा तुकडा काढायचा आणि त्यातून जंतू वाढवायचा. पण दुर्बिणीचं नाव काढलं की लूमवाले पळून जायचे. बारा तासांची शिफ्ट, त्यात ठाण्याला जाऊन नळी गिळायची, कोण करणार? म्हणून मॅडमनी अवघड रस्ता धरला. शीतून पायलोरी वाढवायचा. शीतली दुसरी चाचणी जंतू आहे की नाही एवढं सांगते, औषध कोणतं ते सांगत नाही. त्यासाठी जंतू जिवंत लागतो. आणि पोटातून खाली येईपर्यंत हा जंतू पित्तानं अर्धमेला होतो, अंगाची गोळी करून बसतो आणि वाढायचं नाकारतो. त्यात शीतले बाकीचे जंतू दांडगे. त्यांच्या गर्दीत हा म्हणजे उरसात हरवलेलं लाजाळू पोर.

यावर उपाय एकच, जंतूला वाटेत रेंगाळू द्यायचं नाही. म्हणजे पेशंटला जुलाब द्यायचा. मॅडम आधी त्याच्या डॉक्टरांशी बोलून घ्यायच्या, मग रविवारी सकाळी पेशंटला उपाशीपोटी लॅबमध्ये बोलवायचं, जुलाबाचं औषध पाजायचं आणि बाकावर बसवायचं. मागं संडास होता. कळ आली की तो आत, मी दाराबाहेर बाटली घेऊन उभी. बाटली हातात आली की मी धावत टेबलापाशी. गाळायचं, पित्त निघून जाईल असं औषध घालायचं, मेंढीच्या रक्तावर बनवलेल्या प्लेटांवर पसरायचं आणि प्लेटा घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायच्या. बरणीत गॅसची पुडी फोडायची. कारण पायलोरीला आपल्यासारखी भरपूर हवा सोसत नाही आणि हवेशिवायही तो जगत नाही, त्याला बेताची लागते. मग बरणी उबेच्या पेटीत, आणि लाईट जाऊ नये म्हणून माझा देवाचा धावा. इन्व्हर्टर होता, पण त्याच्यावर माझा विश्वास नव्हता.

आणि एवढं करून काही उगवायचं नाही. रविवारमागून रविवार आम्ही माणसांना जुलाब देत होतो आणि प्लेटा कोऱ्या निघत होत्या. मॅडम म्हणायच्या, "कुंदाताई, होईल एक दिवस." मी मनात म्हणायचे, तोवर भिवंडीची सगळी पोटं साफ होतील.

अशाच एका रविवारी शमसुद्दीन नावाचा पेशंट आला. चिठ्ठी पोटाच्या डॉक्टरांची होती. वय पन्नासच्या आसपास, लूम कामगार, अल्सर जुना, मागं एकदा रक्तस्राव होऊन गेलेला, दोन कोर्स वाया, रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या चालू. चिठ्ठी घेऊन आला तो माणूस उंच, इतका की बाकावर बसल्यावर गुडघे छातीशी आले. केसांत सुताची पांढरी लव. आणि गोरा. उत्तरेकडचे लोक गोरे असतात, असं म्हणून मी तो विचार तिथंच सोडला. पन्नाशीचा वाटत नव्हता, पण लूमवाल्यांच्या वयाचा काही भरवसा नाही, चाळिशीतला साठीचा दिसतो, तसा एखादा उलटाही असेल.

"शमसुद्दीन!" मी हाक मारली. त्यानं मान वळवली नाही. परत मारली, तेव्हा दचकून उभा राहिला. लूमच्या खडखडाटात सगळ्यांचे कान गेलेले असतात, मी तेही मनावर घेतलं नाही.

औषध त्यानं एका दमात प्यायलं. बाकीचे पेशंट कुरकुरायचे, शिव्या द्यायचे, एकजण तर जिन्यावरूनच पळाला होता. हा शहाण्या मुलासारखा बसून राहिला. मी मीठसाखरेचं पाणी दिलं तर म्हणाला, "मैडम, मेरा काम ठीक हो रहा है ना? कोई गलती तो नहीं?" मला हसू आलं. जुलाब होण्यात कसली चूक व्हायची?

नमुना काळा होता. पण चिठ्ठीवर लोहाच्या गोळ्या होत्या, आणि लोहानंही शी काळी होते. मॅडमनीही पाहिलं आणि तेच म्हणाल्या. मी विचारायला वळले तोवर तो जिना उतरून गेला होता. प्लेटा भरायची घाई होती. उरलेला नमुना मी रिवाजाप्रमाणं शीतपेटीत ठेवला, बाटलीवर नाव लिहिलं, परत वाचलं, शमसुद्दीन.

आणि त्याच प्लेटेवर पायलोरी उगवला.

बरणी उघडली तेव्हा आधी काही दिसलंच नाही. प्लेट तिरकी धरली, तर दवासारखे बारीक थेंब. मॅडमनी एक थेंब पिवळ्या पाण्यात टाकला आणि बघता बघता पाणी गुलाबी झालं. पायलोरीची ती खूण आहे. मॅडमनी मला मिठी मारली. खालच्या गोदामातल्या पोराकडून मिठाई मागवली आणि आम्ही हात तीनतीनदा धुऊन ती खाल्ली. त्यानंतर मी त्या जंतूंची अशी काळजी घेतली की माझ्या सुनेनं बाळंतपणात तेवढी करून घेतली असती तर मी धन्य झाले असते.

मग औषधांच्या पट्ट्या. जंतू पसरलेल्या प्लेटेवर औषध भिजवलेली पट्टी ठेवायची. पट्टीभोवती स्वच्छ जागा राहिली तर औषध लागू. जंतू पट्टीला खेटून उगवले तर ते औषध फुकट. नेहमी जी दोन औषधं देतात, त्या दोन्ही पट्ट्यांना खेटून जंतू उगवले. तिसरीलाही तेच. दोनच औषधांभोवती मोकळी जागा दिसली. मॅडमचा चेहरा उतरला. "एवढा हट्टी जंतू," त्या म्हणाल्या, "नशीब कळलं तरी. आंधळेपणानं तिसरा कोर्स दिला असता तर तोही वाया गेला असता."

आम्ही चिठ्ठीवरच्या नंबरला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी नाईट शिफ्ट सुटल्यावर एक बुटका, दाढीवाला, सावळा माणूस जिना चढून आला. "शमसुद्दीन का रिपोर्ट."

"त्यांनाच पाठवा," मी म्हटलं, "उनको समझाना है."

"मैं ही तो हूँ, मैडम. शमसुद्दीन."

मला आधी राग आला. मी म्हटलं, नमुना द्यायला आला तो उंच माणूस कोण होता मग? आणि शम्सूभाई अगदी सहज म्हणाले, "वो? वो मेरा बदली था."

भिवंडीबाहेरच्यांना सांगायला हवं. लूमवर माणूस आला नाही की लूम बंद पडतो, आणि बंद लूम मालकाला चालत नाही. म्हणून ज्याला यायचं नसतं तो आपल्या जागी दुसरा उभा करतो. तो बदली. दिवसभर तो पहिल्याच्या नावावर उभा राहतो, त्याच्याच नावानं हजेरी लागते, त्याच्याच नावानं त्याला हाक मारतात. यात लपवाछपवी नाही, सगळ्यांना माहीत असतं. काम झाल्याशी मतलब. आमचा जुलाबाचा वार रविवार, आणि लूमची सुटी शुक्रवारी. शम्सूभाईंची त्या आठवड्यात डे शिफ्ट होती. लूम सोडता येईना, तेव्हा त्यांनी जन्मभराच्या सवयीनं लॅबमध्ये बदली पाठवला होता.

"मैडम, ऐसा वैसा आदमी नहीं भेजा," माझा चेहरा पाहून ते घाईनं म्हणाले, "सबसे तगड़ा देखके भेजा. उसको कोई बीमारी नहीं है. कभी पेट नहीं दुखा उसका. रिपोर्ट अच्छा आना चाहिए ना."

मी खुर्चीत बसले. आतून नाझनीन मॅडम आल्या. हसावं की रडावं असा तो प्रकार, आणि त्यांना हसू आलंच. मला येईना. मला त्या बाटलीचा रंग दिसत होता.

"वो लोहे की गोलियाँ खाता है क्या?" मी विचारलं.

"कौन, लंबू? वो क्यों खाएगा?"

मॅडमचं हसणं तिथंच थांबलं. त्यांनी शीतपेटीतून ती बाटली काढली. रक्ताची चाचणी करायला फारसा वेळ लागत नाही. कागदाचा रंग पालटला तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडं पाहत होतो. मॅडम हळूच म्हणाल्या, "कुंदाताई, त्याला आतून रक्त जातंय. आणि आपण वर जुलाब दिला."

मी गोरा समजले होते. तो गोरा नव्हता.

तोवर दोन आठवडे होत आले होते. मी आयुष्यभर घाबरत आले, पण ती भीती बहुतेक उगाचची असायची. झाकण नीट लागलं असेल ना, गॅस बंद केला ना. ही खरी होती. एक माणूस कुठंतरी लूमवर उभा होता, पोटातून त्याचं रक्त चाललं होतं, आणि पोट दुखत नसल्यामुळं आपण तगडे आहोत असं त्याला वाटत होतं. त्याचा जंतू आमच्या पेटीत मजेत होता. त्याला कोणतं औषध लागू पडेल हेही आम्हाला ठाऊक होतं. फक्त तो कोण, हे ठाऊक नव्हतं.

"नाव काय त्याचं?" मॅडमनी विचारलं.

शम्सूभाईंनी दाढी खाजवली. "लंबू बोलते हैं सब. नाम... नाम कभी पूछा नहीं." बदलीला नाव लागत नाही. तो ज्याच्या जागी उभा, त्याचं नाव. शम्सूभाईंच्या कपाळावर घाम आला होता. "मैडम, वो मरेगा तो नहीं? मैंने भेजा था उसको."

मॅडमना लॅब सोडता येत नव्हती. चेहरा ओळखणारे आम्ही दोघंच. शम्सूभाई रात्रभर लूमवर उभे राहून आलेले, मी स्लिपर घालून लॅबमध्ये आलेली. तसेच निघालो. नाक्याच्या पलीकडं चहाची टपरी आहे, तिथं सकाळी बदली उभे राहतात आणि मुकादम त्यांना उचलून नेतात. टपरीवर गर्दी पांगली होती. चहावाल्यानं फडक्यानं ओटा पुसत सांगितलं, "लंबू? आजकल बैठ बैठ जाता है. सुबह भी यहीं बैठ गया था. शेलार ले गए उसको."

शेलार म्हटल्यावर माझ्या जिवात जीव आला. माझं गाव. आणि लगेच तो गेलाही, कारण शेलारात लूमच्या शेडांना अंत नाही, आणि मी तिथं इतकी वर्षं राहून एकाही शेडच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. आमच्याच भातशेतीवर सासऱ्यांनी शेडा बांधून भाड्यानं दिलेल्या. माझ्या स्वयंपाकघराच्या मागं रात्रंदिवस खडखडाट चालायचा. आत कोण उभं असतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

शेअर रिक्षात शम्सूभाई माझ्या शेजारी बसून पुटपुटत दुआ मागत होते. मी गणपतीला आळवत होते. रिक्षावाला दोघांकडं आरशातून पाहत होता.

रिक्षा शेडांपाशी थांबली तर बाळाराम बाहेर खुर्ची टाकून बसलेला. "वैनी, तुमी इकरं कनाला आल्याव? ड्युटी न्हाय काय आज?"

मी धापा टाकत विचारलं, उंच बदली कुणी आलाय का?

"हाय एक, तिकरं शेवटच्या शेडान. सकालीच आनलाय." मग माझ्या तोंडाकडं बघून तो उठला. "काय झाला वैनी? आतमदी नका जाऊ, काय आयकाला येवाचा न्हाय तुमाला."

मी गेले. शम्सूभाई मागोमाग आले. दाराशीच माझी पाचावर धारण बसली. पत्र्याखाली काळोखी, मधे ट्यूबलाईटचे पट्टे, हवेत सुताची लव, आणि आवाज असा की छातीचे ठोके आपले की लूमचे ते समजेना. लूमच्या दोन रांगांमधून जेमतेम माणूस जाईल एवढी वाट. माझा पदर लूमच्या पट्ट्यात अडकेल आणि मी आत ओढली जाईन, असं मला प्रत्येक पावलाला वाटत होतं. माणसं ओठ हलवून, बोटांच्या खुणांनी बोलत होती. एकेकाच्या तोंडाशी तोंड नेऊन मी पाहत चालले. हा नाही. हाही नाही.

तो कोपऱ्यातल्या लूमपाशी होता, एका हातानं चौकट धरून. मला पाहून ओळखीचं हसला आणि घाईनं ताठ उभा राहिला, मी त्याच्या कामाची तपासणी करायला आले असावे तसा.

मी त्याच्या कानाशी ओरडले, "तबीयत कैसी है?" त्यानं कानाला हात लावला. मी आणखी मोठ्यानं ओरडले. त्यानं मान हलवली, ऐकू नाही येत. शेवटी मी सगळा जीव एकवटून, घशाच्या शिरा ताणून किंचाळले, "तुम्हारी टट्टी काली होती है क्या?"

आणि नेमकी त्याच क्षणी लाईट गेली.

सगळे लूम एकदम थांबले. माझा प्रश्न त्या शांततेत पत्र्यावर आपटून सगळ्या शेडभर फिरला. काळोखात पन्नास माणसं असतील. कुणीतरी खुसकन हसलं. मला वाटलं, जमीन फाटून पोटात घेईल तर बरं.

लंबू हळूच म्हणाला, "हाँ मैडम. बहुत दिन से. गरमी होगी."

आणि मागून, काळोखातून, कुणीतरी अगदी साध्या आवाजात म्हणालं, "हमारी भी होती है."

कुणी हसलं नाही आता.

मी मोबाईलचा उजेड लंबूच्या तोंडावर धरला आणि त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. तिथं लाल दिसायला हवं. तिथं कोरा मांजरपाट होता. पोटाला काही दुखतं का, विचारलं. नाही म्हणाला. कंबर दुखते, त्यावर गोळी खातो. शर्टाच्या खिशातून त्यानं गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. अंगदुखीची. लूमवर आल्यापासून रोज. आधीच पोटात पायलोरी, त्यावर रोज या गोळ्या. दुखणं त्या दाबत होत्या आणि जखम वाढवत होत्या.

"चल, अस्पताल चल."

"शिफ्ट पूरी करके आता हूँ, मैडम."

"आत्ता. अभी."

"अभी कैसे? मैं किसी की जगह पे खड़ा हूँ." तो गयावया करत नव्हता, मला समजावून सांगत होता. आपण गेलो तर दुसऱ्या माणसाचं नाव खराब होईल. बोलता बोलता तो खाली बसला, आणि बसला तो आडवाच झाला.

मी ओरडले का, मला आठवत नाही. बाळाराम धावत आला. शम्सूभाईंनी बाह्या वर सारल्या आणि त्या बंद लूमपाशी जाऊन उभे राहिले. "ले जाओ इसको. इसकी जगह मैं खड़ा हूँ." रात्रभर उभा राहिलेला, स्वतः अल्सरचा पेशंट. मी त्यांना अडवलं नाही. तेव्हा मला कुणाचंच काही सुचत नव्हतं.

आम्ही त्याला उचलून बाळारामच्या टेम्पोत घातलं, तोवर लाईट आली. मागं सगळे लूम एकदम सुरू झाले.

सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीशी त्याला शुद्ध होती. बाळारामनं त्याला बगलेत धरलं होतं. आतल्या बाईंनी विचारलं, "नाव?"

"असलम," तो म्हणाला.

बाळारामनं मला हळूच सांगितलं, हे नाव ज्याच्या लूमवर तो उभा होता त्याचं. त्यानं दिवसभराचं नाव सांगितलं होतं. हे पण बदलीचंच. आता याच नावावर याचं रक्त तपासणार, याच नावावर दुसऱ्याचं रक्त चढवणार, आणि सगळं पुन्हा तसंच.

मी त्याचा चेहरा माझ्याकडं वळवला. "यहाँ बदली नहीं चलती. अपना नाम बोलो. तुम्हारा."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग इतक्या हळू बोलला की बाईंनी पेन थांबवून परत विचारलं.

"रामधनी."

त्याला लगेच आत नेलं. बाहेरच्या बाकावर बाळाराम माझ्या शेजारी बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी न चेष्टा करता बोलला. "वैनी, तुमाला त्याच्या गुवावरून कल्ला ह्या सगला?" मी हो म्हटलं.

रामधनी वाचला. रक्त चढवलं, जखम सापडली, आणि औषधं आमच्या रिपोर्टवरून दिली गेली, त्या दोन मोकळ्या जागांच्या आधारानं. मॅडमनी स्वतः जाऊन तिथल्या डॉक्टरांना समजावलं. पेटीतल्या प्लेटांवरचं शमसुद्दीन हे नाव मी खोडलं आणि रामधनी लिहिलं. परत वाचलं. नंतर तो तपासणीला आला तेव्हा दारात उभा असताना मी ओळखलंच नाही. चांगला सावळा होता.

शम्सूभाईही आले, या खेपेला स्वतः, शुक्रवारी. या प्रकारानंतर आमचा जुलाबाचा वार शुक्रवार झाला. त्यांनी औषध पिताना केवढं तोंड वाकडं केलं, आणि काही उगवलं नाही. शेवटी रामधनीच त्यांना हाताला धरून ठाण्याला दुर्बिणीसाठी घेऊन गेला.

आता मी निवृत्त आहे. घरी असते. लोक विचारतात, कुंदाताई, इतक्या वर्षांत काय कमावलं? मी रामधनीची गोष्ट सांगते, लोक वाहवा करतात. पण त्यांना मी गोष्ट पुरी सांगत नाही.

काळोखातला तो दुसरा आवाज कुणाचा होता, हे मला कळलं नाही. टेम्पो निघेपर्यंत लाईट आली होती, आणि लूम सुरू झाल्यावर कुणी काही बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं. दुसऱ्या दिवशी मी बाटल्या घेऊन शेडमध्ये गेले, एकेकाला विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. "नहीं मैडम, हमारा तो ठीक है." एकजण म्हणाला, कल के आधे लोग तो बदली थे, मैडम, आज नहीं आए. टपरीवर जाऊन विचारलं, इतर शेडांत विचारलं. बाळारामनंही विचारलं, न सांगता, न हसता. तो माणूस सापडला नाही. त्याचा चेहरा मी पाहिला नव्हता. अंधार होता.

आजही आमच्या मागच्या शेडांची लाईट जाते. खडखडाट थांबतो, घरातली माणसं म्हणतात, हुश्श, जरा कानाला बरं वाटलं. मी हातातलं काम तसंच टाकते आणि मागच्या दाराशी जाऊन शेडकडं तोंड करून उभी राहते. लाईट परत येईपर्यंत तशीच उभी असते, आतून कुणी काही बोलतंय का ऐकत.